आत घेतलेला होकार

बुधवारी सकाळी अकराच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, "उत्तरेकडच्या नळांचा नकाशा तुझ्याकडेच आहे ना?" आणि इल्वानं उत्तर म्हणून ओठांचा चंबू करून झटकन एक श्वास आत ओढला. गरम चहाचा पहिला भुरका मारावा तसा आवाज झाला. टेबलाभोवतीची सात माणसं थबकली. शेजारी बसलेला आल्बिन, वय वर्षं सव्वीस, खुर्ची मागे ढकलून उठला आणि दमा आहे का तुला, पंप कुठे ठेवलायस, असं विचारत तिच्या पर्सकडे हात न्यायला लागला. मग कोणीतरी पाणी आणलं. इल्वा ते मुकाट्यानं प्यायली. आपण नक्की काय केलं हे तिला ग्लास अर्धा संपल्यावर कळलं. आपण 'हो' म्हणालो होतो. आपल्या गावचं 'हो', बत्तीस वर्षांनी.

तिच्या गावाकडे 'हो' म्हणायला शब्द खर्च करत नाहीत. लिलसेले हे गाव स्टॉकहोमपासून आधी आगगाडी आणि पुढे बस मिळून जवळजवळ दिवसभराच्या वाटेवर, वर उत्तरेला. तिथे कोणी काही विचारलं की श्वास आत घ्यायचा, झाला होकार. पोस्टात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे हेच चालतं. का, ते कोणाला ठाऊक नाही. बाबाचं म्हणणं, उणे तीस अंशांत तोंडातली ऊब बाहेर घालवणं हा शुद्ध उधळेपणा आहे. इल्वा एकोणिसाव्या वर्षी शिकायला स्टॉकहोमला आली तेव्हा हे 'हो' तिच्याबरोबर आलं आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्याची चांगलीच शोभा झाली. दक्षिणेकडची एक मुलगी तिला मुद्दाम प्रश्न विचारायची. भूक लागलीय का, थंडी वाजतेय का, तुझं नाव इल्वाच ना. आणि मग बाकीच्यांना हाका मारायची, या, या, आता पुन्हा करेल बघा. वाईट कोणीच नव्हतं. पण त्या एका हिवाळ्यात इल्वानं ते सोडलं, लोक सिगारेट सोडतात तसं, दातओठ खाऊन, आणि वसंत येईपर्यंत ती चारचौघींसारखी तोंड उघडून स्वच्छ 'हो' म्हणायला लागली. पुढे नोकरीला, नवऱ्याला, मुलीला, सगळ्याला तिनं तसंच 'हो' म्हटलं. मग हा आतला श्वास इतकी वर्षं कुठे दबा धरून बसला होता? रिकामा ग्लास हातात धरून ती विचार करत राहिली आणि बैठकीत पुढे काय ठरलं ते तिला कळलंच नाही. खरं तर लाज वाटायला हवी होती. पण हरवलेली वस्तू जुन्या कोटाच्या खिशात सापडावी तसा तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या तळाशी एक कुसळ टोचत होतं. ते कशाचं आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती तिकडे बघत नव्हती.

त्याच संध्याकाळी होकानचा फोन आला. होकान तिचा थोरला भाऊ. तो गोथेनबर्गला राहतो, म्हणजे गावापासून जितकं लांब राहता येईल तितकं, आणि लांबून काळजी करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्यानं बाबाच्या, म्हणजे एव्हर्टच्या, समोर राहणाऱ्या सिग्नेला फोन केला होता. सिग्ने म्हणाली, एव्हर्ट रोज सकाळी गाडी काढतो. "रोज, इल्वा," होकान म्हणाला. "ब्याऐंशीव्या वर्षी. मागच्या उन्हाळ्यात मी शेजारी बसलो होतो, त्यानं चौकातल्या गोलाला उलटी प्रदक्षिणा घातली. वर मलाच म्हणतो, इकडून जवळ पडतं. तू जा आणि किल्ली घेऊन ये." तू का नाही जात, असं तिनं विचारलं. तर म्हणाला, माझं तो ऐकत नाही. तुझंही ऐकणार नाही, पण तुझ्यावर चिडणार तरी नाही. इल्वानं कपाळाला हात लावला. तरी शुक्रवारची तिकिटं तिनं लगेच काढली, कारण मुलीला, तूवाला, शाळेची ईस्टरची सुट्टी होती, आणि कारण सकाळपासून तिला कुठेतरी जायचंच होतं. नवऱ्याच्या हवाली मांजर आणि कुंड्या केल्या, पिशवीत बाबासाठी संत्री भरली, आणि मायलेकी निघाल्या.

गाडी उत्तरेला जायला लागली की खिडकीतली झाडं बुटकी होत जातात आणि उजेड वाढत जातो. मार्च संपत आलेला, बर्फ अजून कमरेएवढा आणि त्यावर असं ऊन की डोळे मिटले तरी पापण्यांतून आत यावं. तूवा कानात गाणी घालून झोपली होती, पंधरा वर्षांची मुलं झोपतात तशी, तोंड उघडं टाकून. इल्वाच्या मनात किल्ली होती. बाबाच्या स्वयंपाकघरात दाराजवळच्या खिळ्याला, दिनदर्शिकेच्या खाली, ती टांगलेली असते. काढायची, पर्समध्ये टाकायची. हाताला दोन सेकंदांचं काम. पण ते काम म्हणजे बापाला तोंडावर सांगणं की तू म्हातारा झालास, आणि हे ज्यानं सांगायचं त्याचा जन्म निदान आधी झालेला असावा असं तिला वाटत होतं. आई असती तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. आणि आई मनात आली तशी इल्वा त्या कुसळापाशी आलीच.

सहा वर्षांपूर्वी, अशाच उन्हाच्या दिवसांत, जिल्ह्याच्या दवाखान्यात आईचं, मायलिसचं, शेवटचं चाललं होतं. दोन दिवस ती डोळे मिटून पडली होती. चादर फक्त पोटापाशी हलायची, वर, खाली, अगदी थोडी. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिचा हात हातात घेऊन बसला होता आणि इल्वा पायाशी उभी होती. बाबानं आयुष्यात कधी कोणाला विचारलं नव्हतं असं काहीतरी विचारलं. "मायलिस, माझं जमेल ना गं?" आणि आईनं श्वास आत घेतला. तोच आवाज, तोच ओठांचा चंबू, आणि चादर खांद्यांपाशी किंचित उचलली गेली. मग तो श्वास बाहेर आलाच नाही. सगळे वाट बघत उभे राहिले, जणू वाक्य पूर्ण व्हायचं होतं. बाबा उठला, त्यानं खिडकी थोडी उघडली, आणि म्हणाला, "हो म्हणाली." अंत्यविधीनंतरच्या कॉफीला त्यानं हे प्रत्येकाला सांगितलं, पाद्र्यालासुद्धा. हो म्हणाली. लोकांनी माना हलवल्या, दोघाचौघांनी आत श्वास घेतला. इल्वा मात्र पायाशी उभी होती. तिला वाटलं होतं की तो नुसता श्वास होता. शेवटचा, आत गेलेला, बाकी काही नाही. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बाबा त्या एका 'हो'वर सहा वर्षं एकटा राहत होता, लाकडं फोडत होता, मासे पकडत होता, स्वतःचे मोजे रफू करत होता. आणि ते 'हो' नव्हतंच असं जगात फक्त तिला माहीत होतं, किंवा तसा संशय होता, जो माहीत असण्यापेक्षा वाईट. पोहण्याच्या तलावात पाण्याखाली श्वास कोंडून जाताना तिला कधीकधी हेच आठवायचं आणि ती मधेच वर यायची.

बस थांबली तेव्हा पाच वाजले होते आणि ऊन अजून तसंच होतं. बाबा नेहमी गाडी चालू ठेवून थांब्यावर उभा असायचा. आज तो घसरखुर्ची घेऊन उभा होता: दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांवर पुढे लाकडी बैठक, मागे धरायला दांडी, एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं बर्फाला लाथ मारत जायचं. बैठकीवर रेनडिअरचं कातडं अंथरलेलं होतं. ज्या खुर्चीवर बसून इल्वा बालवाडीत गेली होती तीच ही. "एवढं ऊन पडलंय, गाडीत काय बसायचं," बाबा म्हणाला आणि तिला मिठी मारायच्या आधी तिची पिशवी उचलली, कारण मिठीत त्याला अवघडतं आणि पिशवीत अवघडत नाही. त्याची टोपी तीच होती, कान झाकणारी. चेहरा मात्र लहान झाला होता, की टोपी मोठी झाली होती, ते तिला ठरवता येईना. तूवाला त्यानं बैठकीवर बसवलं, मांडीवर पिशव्या ठेवल्या, आणि चढावर तो लाथा मारत निघाला. इल्वा मागून धापा टाकत चालत होती आणि ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा पुढे जात होता. चढ संपताना त्यानं विचारलं, "दमलीस?" आणि तिच्या तोंडून ते निसटलंच. आत. बाबा थांबला. त्यानं मागे वळून तिच्याकडे पाहिलं. कुठे होतीस एवढे दिवस, असं म्हणाला नाही, पण कॉफीचं पाणी उकळेपर्यंत तो स्वतःशीच हसत होता.

घर होतं तसंच होतं. कॉफी भांड्यात उकळून केलेली, त्यात चीजचे तुकडे टाकायचे, ते मऊ झाले की चमच्यानं काढून खायचे आणि दातांखाली चुरचुरू द्यायचे. तूवानं आधी नाक मुरडलं आणि मग चौथ्यांदा तुकडे मागितले. बाबा तिला आत श्वास घ्यायला शिकवत होता. नुसता ओढायचा नाही, त्यात होकार पाहिजे, असं तो म्हणाला. तूवा म्हणाली, होकार कुठे घालायचा? बाबानं विचार केला आणि म्हणाला, ते वयानं येतं. मग 'हो' हा शब्द न वापरता त्या दोघांचं दहा मिनिटं चाललं होतं. हवंय? सूप्. गोड आहे? सूप्. इल्वा हसून हसून पोट धरून बसली. आणि हसतानाच तिची नजर दाराजवळच्या खिळ्याकडे गेली. किल्ली तिथे होती, निळ्या दोरीत बांधलेली. ती निळी दोरी आईच्या विणकामाच्या टोपलीतली.

शनिवारी सकाळी नऊला इंजिनाचा आवाज आला. इल्वा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. बाबानं गाडीभोवतीचा बर्फ आधीच फावड्यानं काढलेला होता, इतका नीट की कडा चाकूनं कापल्यासारख्या. तो आत बसला, आरसा पुसला, पट्टा लावला, मग गाडी हळूहळू फाटकापर्यंत नेली. आता दुकानात जाणार, असं तिला वाटलं, आणि धावत जाऊन बाजूला बसावं का, असंही वाटलं. पण गाडी फाटकाशीच थांबली. मिनिटभर तिथेच धूर सोडत उभी राहिली. समोर रस्त्यापलीकडे सिग्नेचं पिवळं घर होतं. मग बाबानं मागे वळून पाहत गाडी उलटी घेतली, पुन्हा त्याच चौकोनात आणून लावली, आणि हात चोळत आत आला. म्हणाला, गाडी गरम ठेवावी लागते. किल्ली खिळ्याला गेली. इल्वानं काही विचारलं नाही. त्या घरात कोणी कोणाला थेट काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. आईला एकदा सहा आठवडे पाठदुखी होती, ते बाबाला पोस्टातल्या बाईकडून कळलं होतं.

दुपारी पाल्ट होते. किसलेला बटाटा आणि पीठ यांचे उकडलेले मुठीएवढे गोळे, आत डुकराचं मांस, वर लोणी आणि आंबटगोड लाल बेरींचा मुरंबा. बाबानं ते स्वतः केले होते आणि आईसारखे झाले नाहीत असं पहिल्या घासालाच जाहीर केलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला म्हणायची सोय उरली नाही. खरं तर ते आईपेक्षा चांगले झाले होते. इल्वानं चार खाल्ले आणि मग घराच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून, बाकावर, तोंड उन्हाकडे करून ती बसली. छपरावरून थेंब पडत होते. डावीकडे बाबा, उजवीकडे तूवा, दोघंही घोरत. आपण इतकी सुखी असायला नको, आपण इथे चोरी करायला आलो आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि तरी ऊन गालांवर होतं आणि पोट भरलेलं होतं आणि त्याला काही इलाज नव्हता. तेवढ्यात सिग्ने आली, हातात ताज्या पोळीसारख्या पातळ पावाची चवड घेऊन. सिग्नेचं वय बाबाएवढंच, पाठ मात्र ताठ, आणि नजर अशी की गावात कोणाच्या दोरीवर कोणाचे कपडे वाळतात ते तिला विचारावं. बाबा जागा झाला. हवेचं झालं, मुलांचं झालं. मग सिग्ने आकाशाकडे बघत म्हणाली, "एव्हर्ट रोज सकाळी गाडी काढतो. एक दिवस चुकवत नाही." बाबानं आत श्वास घेतला. दोघंही समोरच्या बर्फाकडे बघत होती आणि दोघांच्याही चेहऱ्यावर असं समाधान होतं की इल्वाला रडू यायच्या बेतात आलं. ही माणसं त्या गाडीचा अभिमान बाळगून होती. आणि उद्या दुपारच्या बसच्या आत तिला तो काढून घ्यायचा होता.

रविवारी सकाळी तिघंही तळ्यावर गेली, मासे धरायला. बाबाची घसरखुर्ची होतीच. तूवासाठी त्यानं कोठीतून आईची काढली, लाल बैठकीची. सहा वर्षं ती तिथे होती, पण पट्ट्यांना तेल लावलेलं होतं. तळं गोठून दगड झालेलं, त्यावर बर्फाचा कडक थर, पाय न रुतणारा. बाबानं भोकं पाडली, दोऱ्या सोडल्या. तूवा थोडा वेळ भोकाकडे बघत बसली, मग कंटाळली आणि लाल खुर्ची घेऊन तळ्यावर लांब लांब चकरा मारायला लागली, मोठ्यानं गात. ह्याच तळ्यावर तेराव्या वर्षी बाबानं इल्वाला गाडीच्या चाकामागे बसवलं होतं. आई काठावर कॉफीचा थर्मास घेऊन उभी. बाबानं सांगितलं, आता जोरात वळव आणि ब्रेक दाब. आणि गाडी भिंगरीसारखी फिरायला लागली, काठ, झाडं, आई, काठ, झाडं, आई, आणि इल्वा किंचाळत होती आणि बाबा शेजारी मांडीवर हात ठेवून शांत बसला होता. थांबल्यावर म्हणाला, भीती गेली? आता रस्त्यावर घसरलीस तरी घाबरायची नाहीस. तिनं श्वास आत घेतला होता तेव्हा. ते 'हो' तिला आत्ता, छातीत, जसंच्या तसं आठवलं. ज्यानं मला चाक हातात दिलं त्याच्या हातातलं मी काढून घेणार, असं तिच्या मनात आलं, आणि ती बोलली, कारण आणखी थांबली असती तर बोललीच नसती.

"बाबा, गाडीचं."

बाबानं दोरी दोनदा वरखाली केली. "होकाननं पाठवलं ना तुला?" इल्वा भोकातला बर्फाचा चुरा बाजूला करायला लागली. "मी लायसन्स नोव्हेंबरातच परत पाठवलं," तो म्हणाला. "पोस्टानं."

मग त्यानं सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, भोकाकडे बघत, जणू तिथल्या माशाला सांगत होता. नोव्हेंबरात दुपारी तीनला, म्हणजे तिकडे अंधारच, तो दुकानातून परत येत होता. रस्त्याच्या कडेनं सिग्ने आपल्या घसरखुर्चीवर चालली होती. ती त्याला दिसलीच नाही. दिसली तेव्हा हातभर अंतर राहिलं होतं. तिला काही कळलं नाही, उलट तिनं हात केला. तो घरी येऊन गाडीत बसून राहिला, किती वेळ ते ठाऊक नाही, पिशवीतलं दूध गोठेपर्यंत. दुसऱ्या दिवशी लायसन्स पाकिटात घालून टाकलं. डॉक्टरनं सही दिली असती, तो म्हणाला; पण डॉक्टर त्या रस्त्यावर नव्हता. आता दुकानात तो खुर्ची घेऊन जातो, आणि लांब जायचं असेल तर गुरुवारी बसनं. इल्वानं विचारलं, आणि उन्हाळ्यात, बर्फ गेल्यावर? तर म्हणाला, तीनचाकी सायकल मिळते. अजून घेतली नाही, आधी थोडी हिंमत जमवतोय.

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर होकान म्हणाला असता, आता घर विकून टाक. मग तू म्हणाली असतीस, आमच्याकडे ये. मग मी नाही म्हणालो असतो. मग तिघंही नाराज. त्यापेक्षा गाडी फाटकापर्यंत नेणं सोपं," बाबा म्हणाला. "दोन दिवस हलली नाही तर सिग्ने होकानला फोन करेल. तिला वाटतं, मी चालवतो."

सिग्नेच्या खिडकीतून ते फाटक तळहातासारखं दिसतं. चार महिने रोज सकाळी गाडी फाटकाशी येते आणि परत जाते हे तिनं पाहिलं होतं, आणि होकाननं विचारलं तेव्हा तिनं असं वाक्य शोधून काढलं होतं की ज्यातला शब्द न् शब्द खरा. एव्हर्ट रोज सकाळी गाडी काढतो. एव्हर्टची अब्रू राखायला. आणि त्या अब्रूपायी होकानची झोप उडाली होती आणि इल्वा दिवसभर प्रवास करून किल्ली चोरायला आली होती. एकानं लपवायचं, दुसऱ्यानं ते लपलंय असं त्याला वाटू द्यायचं, आणि दोघांनी त्याविषयी अवाक्षर काढायचं नाही: तिच्या गावात माया करायची हीच रीत होती आणि ती रीत दरवेळी अशीच अंगाशी यायची. तिला हसू फुटलं. बाबा म्हणाला, मासे पळतील. पण त्याच्याही डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"तुझ्या आईनं सांगितलं होतं, जमेल म्हणून," थोड्या वेळानं तो म्हणाला. "मग जमवायला नको?"

हसू इल्वाच्या तोंडातच राहिलं. सहा वर्षं जे विचारलं नव्हतं ते आत्ता, उघड्या तळ्यावर, तूवाचं गाणं लांबून ऐकू येत असताना, विचारता येण्यासारखं वाटलं. "बाबा, ती हो म्हणाली हे तुला नक्की ठाऊक आहे?"

बाबानं दोरी सोडली नाही. "बावन्न वर्षं ऐकलं मी ते," मग तो म्हणाला. "तुला काय वाटतं?" तो तिच्याकडे बघत होता, रागानं नाही, आणि तिला कळलं की आपला संशय त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मग त्यानं हातमोजा काढला, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि निळ्या दोरीतली किल्ली तिच्या हातावर ठेवली. घरून निघतानाच ती खिशात टाकलेली होती तर. "होकानला दे. म्हणावं, मोठ्या मुश्किलीनं काढून घेतली. त्यालाही बरं वाटू दे." तिनं विचारलं, मग उद्या सकाळी फाटकापर्यंत गाडी कशी नेणार? बाबानं दोरीला हलका झटका दिला. "दुसरी किल्ली आहे," तो म्हणाला.

दुपारी निघायची वेळ झाली. पिशवीत संत्र्यांच्या जागी आता सिग्नेचा पाव, चीजचा गोळा आणि गोठवलेले सोळा पाल्ट होते. पिशवी लाल खुर्चीवर बांधली आणि तूवा ती घेऊन पुढे उतारावरून सुटली. बाबाच्या खुर्चीची बैठक रिकामी होती. तो सवयीनं मागे जाऊन पट्टीवर पाय ठेवायला लागला, तेवढ्यात इल्वानं दांडी धरली. तिला काही थोर सांगायचं नव्हतं. "तू बस ना," ती म्हणाली. "मी नेते." बाबानं बैठकीकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, रस्त्यापलीकडच्या पिवळ्या घराकडे पाहिलं. पुढे बसतात ती लहान मुलं, सामानसुमान आणि म्हातारी माणसं. "बसतोस, बाबा?" तिनं पुन्हा विचारलं, आणि त्यानं श्वास आत घेतला.

तो कातड्यावर बसला, गुडघे जवळ, हात मांडीवर, जसा तळ्यावर गाडी भिंगरत असताना बसला होता. इल्वानं बर्फाला लाथ मारली. एक, दोन, तीन, आणि मग उतारानं त्यांना आपल्या ताब्यात घेतलं. सिग्नेच्या खिडकीसमोरून जाताना बाबानं हात वर केला, एखादा मंत्री मिरवणुकीत करतो तसा, आणि पडद्याआडून एक हात वर झाला. वारा कानांत घुसत होता, पट्ट्या किरकिरत होत्या, पुढे तूवाच्या आरोळ्या, बर्फावर इतकं ऊन की रस्ता कुठे आहे ते अंदाजानंच. एकावन्न वर्षांच्या इल्वाचं पोट लहानपणी घसरताना हलायचं तसं हललं. "जोरात जाऊ?" ती ओरडली. उत्तर ऐकू आलं नाही; त्या वाऱ्यात कुठलाच श्वास ऐकू आला नसता. पण ती मागे उभी होती आणि बाबाची पाठ तिच्यासमोर होती, आणि तिनं पाहिलं की त्याचे दोन्ही खांदे कोटासकट किंचित वर उचलले गेले, आणि खाली आले. त्याला धाप लागली होती, छाती भरभर हलत होती, पण त्या धापेनं खांदे वर येत नव्हते. खांदे वर आले ते फक्त त्या एका 'हो'पुरते.

आईची चादर दोन दिवस नुसती पोटापाशी हलत होती. फक्त त्या एका श्वासाला ती खांद्यांपाशी उचलली गेली होती.

इल्वानं पाय पट्टीवर घेतला आणि खुर्ची जाईल तशी जाऊ दिली. खाली थांब्यावर बस येऊन उभी होती, दार उघडं टाकून. बाबा मान मागे वळवून काहीतरी विचारत होता, बहुधा, आता ब्रेक लावणार की नाही. तिनं मोठ्यानं श्वास आत घेतला, खांदे वर करून, त्याला दिसेल असा.